पाणी इथवर आले होते

मी एक जुना दगड आहे. मित्रांनो, दगड म्हटले की तुम्हाला वाटते, याला कसली आली भीती? म्हणून आधीच सांगून टाकतो, मी फार भित्रा आहे. आणि सध्या तर भीतीने माझी झोपच उडाली आहे.

शाळेच्या तळमजल्यावर, नदीच्या बाजूला, एक लांबट खोली आहे. तिच्या भिंतीत मी जमिनीपासून वरपर्यंत बसवलेला आहे. माझ्या वरच्या टोकाला एक आडवी रेघ आहे. उंच माणसाने हात वर केला तरच तिला बोट टेकते. रेघेखाली इंग्रजीत चार ओळी कोरल्या आहेत. पहिलीत तारीख. दुसरीत, 'पाणी इथवर आले होते.' तिसरीत, 'या खोलीत लहान मुलांना बसवू नये.' आणि चौथीत एक नाव.

मला घडवले तेव्हा बाकांवरचा चिखल नुकताच वाळला होता. त्याच्या महिनाभर आधी नदीचा बांध फुटला आणि भर दुपारी पाणी मागच्या दाराने आत शिरले. तेव्हा लहान मुलांचा वर्ग याच खोलीत भरे. शाळेच्या शिपायाने दोन-दोन मुले काखेत मारून गच्चीवर पोचवली. कुणी राहिले का ते पाहायला तो शेवटचा खाली उतरला, तो परत वर आला नाही. माझ्यावरचे नाव त्याचे आहे.

मला कोरणाऱ्या पाथरवटाला इंग्रजी येत नव्हते. त्या वेळचे हेडमास्तर कागदावर एकेक अक्षर काढून देत आणि कोरून झाले की त्यावरून बोट फिरवून पाहत. पाथरवट वैतागला.

"मास्तर, एखादं अक्षर इकडे-तिकडे झालं म्हणून काय पाणी परत येणार आहे?"

"पाणी येईलच कधीतरी," मास्तर म्हणाले. "त्या वेळी वाचणारा अडखळायला नको."

पुढची वर्षे माझ्या कौतुकाची होती. दर वर्षी त्या तारखेला पाचवीची मुले माझ्यापुढे उभी राहून चारही ओळी मोठ्याने वाचत. शिपायाची बायको ओल्या फडक्याने मला पुसून जाई. तिला वाचता येत नव्हते, पण शेवटची ओळ ती जरा हळू पुसायची. खोलीत मोडके फळे आणि खेळाचे सामान असे. मी निर्धास्त होतो. काळ्या दगडावरची रेघ, ती कोण पुसणार?

रेघ कुणी पुसली नाही. वाचणारेच कमी झाले. मास्तर निवृत्त झाले, शिपायाची बायको यायची थांबली, वाचनाचा दिवस एक वर्ष राहून गेला तो गेलाच. मग माझ्यापुढे एक कपाट आले.

गेल्या वर्षी इतिहासाच्या बाईंनी ते कपाट सरकवले. नववीच्या मुलांना त्यांनी या ओळी वहीत उतरवायला सांगितल्या. समोर बघून लिहायचे होते, तरी चाळीस वह्यांत चाळीस तऱ्हा निघाल्या. कुणी पाण्याच्या स्पेलिंगमधले अक्षर गाळले, कुणी पदरची दोन घातली.

"अरे, निदान समोर बघून तरी नीट लिहा!" बाई कळवळून म्हणाल्या.

"मोबाइल आपोआप दुरुस्त करतो, बाई."

"बरं, त्या वर्षी काय झालं होतं ते सांगा."

मग मागून एक हात वर आला. "त्या वर्षी हा दगड बसवला, बाई."

"आणि हे नाव कुणाचं?"

"दगड बनवणाऱ्याचं!"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. मी तर आतल्या आत गार पडलो. मुले काही मठ्ठ नव्हती हो, त्यांना कधी कुणी सांगितलेच नव्हते.

खरी धडकी यंदा भरली. हेडसर खोली मोजायला आले. वरच्या खोलीत संगणक येणार, म्हणून बालवर्ग खाली आणायचा होता. त्यांनी माझ्यावरचा एक शब्द कसाबसा लावला आणि म्हणाले, "वॉटर... म्हणजे जुन्या टाकीचा दगड दिसतोय. टाकी इथवर भरत असेल."

बाई धावत आल्या. चारही ओळी वाचून त्यांनी अर्थ सांगितला. हेडसर माणूस वाईट नाही, त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"बाई, ती नदी आता गुडघाभरसुद्धा नाही. एका दगडासाठी संगणक परत पाठवू का?"

"दगडासाठी नको सर, मुलांसाठी पाठवा."

"असं करा, अर्ज द्या. बघू."

बाईंनी दोन पानी अर्ज दिला. ते बघणे अजून चालू आहे. गच्चीच्या दाराला हल्ली कुलूप असते. त्याची किल्ली बाईंनी कचेरीतून मागून घेतली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली. तेवढाच मला आधार.

बालवर्ग खाली आला. सव्वीस मुले. त्यांच्या ताईंनी उंची मोजायला माझ्यावर एक कागदी जिराफ चिकटवला. अक्षरे त्याच्या मानेमागे गेली, रेघ तेवढी शिंगांच्या वर उघडी राहिली. एकेक मूल मला पाठ टेकून उभे राहिले आणि ताईंनी पेन्सिलीने खुणा केल्या. पाठी ऊबदार होत्या, आणि मला मात्र कापरे भरले होते. सगळ्यांत उंच मुलगीसुद्धा माझ्या निम्म्यावर संपली.

या आठवड्यात माझा पायथा ओला लागतो आहे. नळ गळत असेल, अशी मी माझी समजूत घालतो. पण नळाचे पाणी आणि नदीचे पाणी यांतला फरक मला कळतो.

काल त्या उंच मुलीने मान वर करून विचारले, "ताई, ही वरची रेघ कुणाची उंची?"

"असेल कुणा मोठ्या माणसाची."

"एवढा मोठा? मग तो दारातून आत कसा आला?"

सगळी मुले खिदळली. ताईही हसल्या.

मित्रांनो, तो आत आला होता. याच दाराने, भर दुपारी. तुमच्यापैकी ज्याला वाचता येत असेल, त्याने अर्जाच्या उत्तराची वाट पाहू नये. जिराफ सोडवावा, चारच ओळी आहेत, त्या मोठ्याने वाचाव्यात, आणि त्या मुलीला तिचे उत्तर लवकर द्यावे.