पाठमोऱ्या बाईचा आवाज

काचेपलीकडून दिग्दर्शक ऋषिकेशने अंगठा वर केला, तेव्हा जयवंताने कानांवरचे हेडफोन उतरवले. पडद्यावरची बाई तशीच गोठून उभी होती: गडद लाल ओठ, अर्धे मिटलेले डोळे आणि मागे गोदामाचे अर्धवट वर उचललेले शटर. ही नटी दिल्लीकडची होती. तिला धड मराठी येत नव्हते, मग नागपूरजवळच्या वाडीतल्या ट्रान्स्पोर्टवालीची बोली कुठून येणार? म्हणून तिच्या ओठांना जयवंताचा आवाज लावायचे ठरले होते. आकाशवाणीच्या नाटकांतून आयुष्यभर बोललेली जयवंता ओठांची हालचाल पाहून शब्द बेमालूम बसवत असे.

"ताई, काय हसलात तुम्ही! अंगावर काटा आला," ऋषिकेश आत येत म्हणाला. "कुठून आणता हे हसू?"

"घरूनच आणते," जयवंता म्हणाली.

त्याला तो विनोद वाटला. पण ते शब्दशः खरे होते. नाकातल्या नाकात सुरू होणारे आणि कोणी हात धरून थांबवावे तसे मध्येच तुटणारे ते हसू तिच्या धाकट्या बहिणीचे, नंदिनीचे होते. नंदिनी तसे हसायची त्याला आता वर्षे लोटली होती.

ऋषिकेशने जयवंताला ओळखले नव्हते. ओळखण्याचे कारणही नव्हते. तो तिच्या घरी एकदाच आला होता, आणि तेव्हा त्याचे लक्ष तिच्याकडे नव्हते.

त्या वेळी दोघी बहिणी वाडीला भाड्याच्या खोलीत राहत. नंदिनी गणपतरावांच्या ट्रान्स्पोर्ट ऑफिसात फोन घ्यायची, ड्रायव्हरांना गाड्या लावून द्यायची. एका सकाळी गणपतराव स्वतःच्याच गोदामात मेलेले सापडले. त्यांचा शेवटचा फोन नंदिनीला झाला होता, म्हणून पोलीस तिला घेऊन गेले. त्याच दुपारी ऋषिकेश दारात उभा राहिला; तेव्हा तो एका वर्तमानपत्राचा तरुण वार्ताहर होता. "ताई, मी तुमच्या बाजूने लिहीन," तो म्हणाला. जयवंताने त्याच्यासाठी आलूपोहे केले. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी नंदिनीचा एक फोटो होता. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तिने नवऱ्यावर विषप्रयोग करणाऱ्या बाईचे काम केले होते, त्या वेळचा. उसनी सॅटिनची साडी, काळा गॉगल, बोटांत न पेटवलेली सिगारेट. त्याने तो फोटो मागितला. "तो नाटकातला हाये भाऊ," जयवंता म्हणाली, "तिचा दुसरा साधा फोटो देते." ती पेटीतून फोटो काढून बाहेर आली, तेव्हा ताटलीत अर्धे पोहे उरले होते आणि भिंतीवरचा खिळा रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर तोच फोटो छापून आला. वर मथळा होता: गोदामातली मोहिनी.

पुढे गणपतरावांचा भागीदार विश्वनाथ पकडला गेला, त्याने गुन्हा कबूलही केला. नंदिनी सुटली, पण ती बातमी आतल्या पानावर साड्यांच्या सेलच्या जाहिरातीखाली आली. तोवर ठरलेले लग्न मोडले होते. ज्या ऑफिसात ती नोकरी मागायला जाई, तिथे आधी कुजबुज सुरू होई आणि मग नकार येई. दोघी वाडी सोडून नागपुरातच दूर इंदोऱ्याला राहायला आल्या. नंदिनी घरी बसून शाळेचे गणवेश शिवू लागली. नागपूरच्या पोरी उन्हासाठी तोंडाला स्कार्फ बांधतात, पण नंदिनी भर डिसेंबरातही बांधायची.

त्याच खुनावर आता ऋषिकेश सिनेमा काढत होता, आणि तो फोटो इथे होता. रामदासपेठेतल्या या स्टुडिओच्या भिंतीवर एक मोठा फलक होता. सिनेमातली बाई कशी दिसावी, उजेड कुठून पडावा, यासाठी जमवलेली देशोदेशीची चित्रे त्यावर टोचली होती. त्यांच्या मधोमध गॉगल घातलेली नंदिनी होती. जयवंता रोज त्या फलकासमोरून जाई. तिला संताप येई, आणि तो संताप ती आतल्या माइकपाशी नेऊन मंद, गोड आवाजात ओतत असे.

"पण भाऊ, खऱ्या केसमध्ये तर ती बाई सुटली होती ना?" एकदा रेकॉर्डिस्ट स्वानंदने विचारले होते. स्टुडिओ त्याचाच होता.

"सुटली होती रे. पण निर्दोष बाईवर पिक्चर उभा राहतो का?" ऋषिकेश म्हणाला. "असल्या सिनेमात बाई बघणाऱ्याला आवडलीही पाहिजे आणि शेवटी मेलीही पाहिजे. तरच तो समाधानाने घरी जातो."

त्या दिवशी जयवंताचा बेत पक्का झाला. किंकाळ्या आणि शेवटचा प्रसंग कायम सर्वांत शेवटी ध्वनिमुद्रित करतात. एकदा ओरडले की गळा बसतो आणि मग हळुवार बोलणे साधत नाही. ही रीत तिला पाठ होती. सगळा सिनेमा तिच्या आवाजात भरला जाईल आणि फक्त शेवट कोरा राहील, अशा दिवसाची ती वाट पाहत राहिली. आवाज दुसऱ्या कोणाला जुळवता येऊ नये म्हणून तिने तो स्वतःचा ठेवलाच नाही. नंदिनीचे थांबणे, शब्द ओढणे, हसणे, सारे तिने त्या बाईच्या तोंडी घातले.

तो दिवस आला. पडद्यावर बाई पाठमोरी उभी होती. समोर शटर, शटरापलीकडे अमरावती रोडवरचे ट्रक. तिने इन्स्पेक्टरला सांगायचे होते, "हो, मीच मारलं त्याले. आवडत होता म्हणून मारलं." मग गोळी, मग किंकाळी.

"हे मी बोलणार नाही," जयवंता म्हणाली.

ऋषिकेशने काचेपलीकडचे बटण दाबले. "काय झालं ताई? पाणी देऊ?"

"पाणी नको. आलूपोहे आणा. मागच्या वेळी अर्धे टाकून गेले होते तुम्ही."

त्याच्या चेहऱ्यावर आधी हसू होते, मग गोंधळ. मग त्याची नजर आपोआप फलकाकडे गेली, आणि जयवंताला जे पाहायचे होते ते दिसले.

"वाडीला..." तो म्हणाला. "तुम्ही तिच्या..."

"बहीण. फोटो नाटकातला हाये, हे सांगणारी."

तो आत आला. आधी त्याने समजूत घातली, मग आवाज चढवला. दुसरी बाई आणीन, म्हणाला. स्वानंदने जागेवरूनच सांगितले की मग पहिल्यापासून सारे पुन्हा करावे लागेल, आणि सिनेमा विकत घेणारी मुंबईची मंडळी तर याच आठवड्यात पाहायला येणार आहेत.

"मग मशीनवर बनवू हिचा आवाज. आजकाल होतं ते."

"ताईंले न विचारता?" स्वानंद म्हणाला. "माह्या स्टुडिओत नाही होणार, भाऊ."

ऋषिकेश खुर्चीत बसला. "काय पाहिजे तुम्हाला?"

"घरी चला. तिच्यासमोर बसा. फोटो नाटकातला होता, हे तुम्हाले ठाऊक होतं, असं तुमच्या तोंडानं सांगा. आणि हे शेवटचं वाक्य बदला. बाई पाठमोरी हाये, ओठ दिसत नाहीत. काहीही बसते."

शब्द बदलण्यापेक्षा माफी त्याला सोपी वाटली असावी. तो उठला. "चला, आधी घरी तर जाऊ," म्हणाला.

इंदोऱ्याच्या त्या दोन खोल्यांत दुपारचे ऊन दारापर्यंत आले होते. नंदिनी शिलाई मशीनवर बसली होती. जयवंताने हे कोण ते सांगितले, तेव्हा तिने फक्त पॅडलवरचा पाय थांबवला. ऋषिकेशने माफी मागितली. चांगली मागितली; नको इतकी चांगली. कुठे थांबायचे, कुठे मान खाली घालायची, हे त्याला नेमके ठाऊक होते. ऐकता ऐकता जयवंताला वाटले की हिशेब चुकता होत नाही आहे. याने आणखी एक प्रसंग तेवढा बसवला आहे.

नंदिनी गणवेशाचे सुटे धागे तोडत राहिली. ऋषिकेशने खिशातला मोबाइल काढला. "तुमच्या ताईंनी काय काम केलंय बघा तरी," म्हणत त्याने एक तुकडा लावला.

खोलीत ते हसू उमटले. नाकातल्या नाकात सुरू झाले आणि मध्येच तुटले.

नंदिनी खुर्चीवरून उठली. "हे माह्यं हाये."

"नंदे, ऐक..."

"हे माह्यं हसणं हाये, ताई. तू याले काहून दिलं?"

"त्याले अडकवाचं होतं वं," जयवंता म्हणाली. "दुसऱ्या कोणाले जमू नये असा आवाज पायजे होता. तुह्यासाठीच करून राहिली होती मी."

"मले विचारलं होतं?" नंदिनीचा आवाज चढला नाही. "त्यानं निदान फोटोच नेला. बाकीचं तू पोचवून दिलं त्याच्याकडं."

कामाच्या त्या सगळ्या दिवसांत तिने शत्रूचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवला होता. ज्या चेहऱ्यासाठी हे सारे चालले होते, त्याच्याकडे तिने एकदाही विचारणा केली नव्हती. जी बाई नंदिनी नाही असे जगाला सांगायचे होते, तिलाच तिने आपल्या हाताने नंदिनी करून टाकले होते.

नंदिनी ऋषिकेशकडे वळली. "शेवटचं कोण बोलणार हाये?"

त्याने तिच्याकडे निरखून पाहिले, आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी लकाकले. आवाज तोच होता. अडवून धरणारी बहीण आता लागणारच नव्हती. "तुम्ही बोलाल?" तो मऊपणाने म्हणाला. "एक किंकाळी आणि एकच वाक्य. लिहून तयार आहे. तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही, खरंच."

नंदिनी त्याच्याकडे पाहून किंचित हसली. कॉलेजच्या स्टेजवर हसली होती तशी. "चला ना मग," ती म्हणाली.

खुंटीवरचा स्कार्फ तिने घेतला नाही. जयवंता मागोमाग निघाली. तिला कोणी ये म्हटले नाही की नको म्हटले नाही. गाडीत ऋषिकेश नंदिनीला माइकपासून किती अंतरावर उभे राहायचे, मुंबईची मंडळी सिनेमा पाहायला कधी येणार, ते सांगत होता आणि ती हुं हुं करत होती. ज्याला बाईच्या हसण्यावर सिनेमा उभारता येतो, त्याला ते हसणे आपल्यासाठी कधी नसते हे का कळू नये, असे जयवंताच्या मनात आले.

स्टुडिओत स्वानंदने नंदिनीला हेडफोन दिले. ओरडले की नवख्याची भीड मोडते, म्हणून रीत सोडून आधी किंकाळी घेऊ, एकदाच, गळा बसेपर्यंत ओरडवणार नाही, असे तो म्हणाला. नंदिनीने डोळे मिटले. तिच्या छातीतून जे निघाले त्याने काचेपलीकडचा स्वानंद दचकून मागे सरला. ऋषिकेशने मात्र टाळी वाजवली.

"आता वाक्य. सावकाश, शॉट मोठा आहे. आपल्याला घाई नाही."

पडद्यावर पाठमोरी बाई उभी राहिली. पलीकडून ट्रक जात होते.

"मी नाही मारलं त्याले," नंदिनी म्हणाली. सावकाश, शब्द ओढत, त्याच मोहिनीच्या सुरात. "मी त्याच्याकडं नोकरी करत होती. तुम्ही छापला तो फोटो नाटकातला होता. फोटो नेणाऱ्याले हे सांगितलं होतं. त्यानं ऐकलं, पोहे खाल्ले आणि फोटो खिळ्यावरून उतरवून नेला."

शॉट संपला. वाक्य नेमके बसले होते.

"नाही, नाही, नाही." ऋषिकेश उठून उभा राहिला. "लिहिलेलं बोला, मॅडम."

"हेच हाये. दुसरं नाही."

"याने पिक्चरचा सत्यानाश होईल! ती अपराधी ठरली नाही तर मागच्या सगळ्याला अर्थ काय?"

"तेच तर," नंदिनी म्हणाली. "नको असन तर काढून टाका. पण मग माह्यं हसणं बी काढा. पहिल्या सीनपासून. ते माह्यं हाये, आणि मी ते देलं नाही. मुंबईची माणसं आली की त्यायच्यासमोरच सांगन."

ऋषिकेशने जयवंताकडे पाहिले, जणू तिच्याकडून मदत मिळणार होती. तिने नजर वळवली नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि तो पाहून तिला जे सुख झाले ते तिने स्वतःपासून लपवले नाही.

"सेव्ह करू का?" स्वानंदने विचारले.

ऋषिकेशने एकदा पडद्याकडे, एकदा फलकाकडे पाहिले. मग ऋषिकेश खुर्चीत कोसळल्यासारखा बसला. "कर," तो म्हणाला. "कर बाबा."

नंदिनी बाहेर आली आणि सरळ फलकापाशी गेली. परदेशी बायांच्या घोळक्यातून तिने आपला फोटो काढला. टाचणी तिने ऋषिकेशच्या समोर टेबलावर ठेवली. "टाचणी तुमची हाये," म्हणाली.

खाली रस्त्यावर ऊन होते. हॉस्पिटलांपुढे रिक्षांची गर्दी, औषधांच्या पिशव्या घेतलेली माणसे. नंदिनी उघड्या तोंडाने त्यांच्यातून चालू लागली. एक जण वळून पाहून पुढे गेला. तिने मान खाली घातली नाही. जयवंताने हाक मारली. इतके दिवस दुसरीचा सूर काढून काढून तिचा स्वतःचा आवाज घोगरा, परका झाला होता.

"नंदे, थांब ना वं."

नंदिनी थांबली, पण वळली नाही. फोटो तिने छातीशी धरला होता. जयवंताला फक्त तिची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीवरून काहीच वाचता येत नव्हते.

"घरी ये," नंदिनी म्हणाली. "पण आजपासून माह्यासारखं बोलू नको."

जयवंताने मान हलवली. समोरच्या पाठीला ते दिसणार नव्हते. ती मागे अंतर ठेवून चालू लागली.