पाय शेकणारी पिशवी

मित्रांनो, रंग उडालेली, कडेला ठिगळ लावलेली मी एक जुनी शेकायची रबरी पिशवी आहे. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

साच्यातून निघाले तेव्हा मी लालभडक होते. शिंपीकाकांनी मला घरी आणले. मुलीचे पोट दुखो की आजीची कंबर धरो, हाक मलाच. औषधापेक्षा हिचा गुण जास्त, असे आजी म्हणे आणि मी आणखीच फुगे.

काकांना मधुमेह होता. गोळ्या ते आठवतील तेव्हा घेत. पुढे पावलांना मुंग्या येऊ लागल्या, मग पावले बधिर झाली. चप्पल वाटेत निसटली तरी त्यांना पत्ता नसे. डॉक्टरांना दाखवा, असे काकू रोज म्हणत. दुखतच नाही तर दाखवू काय, असे काका विचारत.

एका संध्याकाळी पाय गार पडले म्हणून त्यांनी मला मागवले. काकूंनी बेताचेच गरम पाणी भरले.

"गॅस वाचवतेस का गं?" काका हसले. "काही लागत नाही. चांगलं कढत आण."

काकूंनी उकळते पाणी भरले. बूच लावताना त्यांना चटका बसला. तरी त्यांनी मला तळव्यांखाली सरकवले. मित्रांनो, कातडी भाजत होती. मला कळत होते. काका पेपर वाचत होते.

"आत्ता कुठे बरं वाटतंय," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मोज्याला पू लागलेला दिसला. पाचव्या दिवशी ताप चढला, काका बरळू लागले. तातडीने इस्पितळात हलवले. तिथे लागेल म्हणून काकूंनी कपड्यांत मलाही घेतले होते.

एक पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. मग हळूच विचारले, पाणी किती गरम होते?

"त्यांना कोमट लागत होतं," काकू म्हणाल्या.

पाय गेला, काका वाचले. तुझी चूक नाही, असे ते काकूंना सांगतात. काकू ऐकतात आणि उठून आत जातात. मला त्यांनी टाकून दिले नाही, माळ्यावर ठेवले. टाकले असते तर बरे झाले असते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला मधुमेह असेल तर त्याची पावले रोज हातात घेऊन पाहा. बधिर पायांना शेक देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. काकूंना हे आधी कुणी सांगितले नव्हते. आता येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगतो.