गप्प बसलेला नावाडी

"भिंगवाले, तो फोन आधी खाली ठेवा," मालक गल्ल्यावरून म्हणाले. "आजीबाई केव्हाच्या थांबल्यात."

भिंगवाल्यांनी फोन पालथा घातला आणि आजीबाईंच्या चष्म्याच्या काड्या गरम करून वाकवायला घेतल्या. चष्म्याच्या या दुकानात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. मालक त्यांना कामापुरतं विचारत, आणि घरी बायको आणि मुलगी त्यांचं बोलणं निम्मंच ऐकून उठून जात. पण फोनमधल्या एका मंडळात ते सूत्रधार होते. तिथे माणसं त्यांच्या शब्दाची वाट बघत.

मंडळ म्हणजे एक मनातलं बंदर. प्रत्येकाने त्या बंदरातलं एक माणूस व्हायचं आणि त्याच्या वतीने लिहायचं. कुणी लोहारीण, कुणी खानावळवाली, कुणी नावाडी. सूत्रधाराने फक्त पेच टाकायचा. दिवे विझवलेलं जहाज धक्क्याला लागलंय, एवढंच त्याने लिहायचं, आत कोण आहे ते बाकीच्यांनी ठरवायचं. अशी टोकं मोकळी सोडण्यात भिंगवाल्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि एक नियम त्यांनीच घालून दिला होता: दुसऱ्याच्या माणसाचं बरंवाईट त्याला विचारल्याशिवाय करायचं नाही.

तो नियम गेल्या आठवड्यात त्यांनीच मोडला. गोष्ट मंदावली होती. लोक फिरकेनासे झाले होते, दोघं तर दुसऱ्या मंडळात जायची भाषा करत होते. भिंगवाल्यांना वाटलं, उभ्या जगात आपल्याला विचारणारी एवढीच माणसं, तीही चालली. बंदरावर चाच्यांनी हल्ला केलेला होता. खडकांमधली चोरवाट त्यांना कुणी दाखवली, ते उघड करायचं राहिलं होतं. लिहित्या माणसांपैकी कुणाला फितूर केलं असतं तर भांडण जुंपलं असतं. नावाडी मात्र कित्येक महिने गप्प होता. गप्प माणसाला कोण विचारतंय? भिंगवाल्यांनी लिहून टाकलं, वाट नावाड्याने दाखवली.

मंडळ पेटलंच. लोहारणीने नावाड्याची होडी जाळली. खानावळवालीने त्याचं ताट रस्त्यात भिरकावलं. जो तो त्याच्या नावाने थुंकला, आणि 'सूत्रधार, मानलं बुवा तुम्हाला' म्हणून गेला. भिंगवाल्यांचे पाय आठवडाभर जमिनीला लागत नव्हते.

आजीबाई गेल्यावर त्यांनी फोन सरळ केला. नावाड्याच्या खात्यावरून निरोप होता: 'मी ह्यांची बायको. फोन केला तर चालेल का?'

भिंगवाले मागच्या काच घासायच्या खोलीत गेले, यंत्र बंद केलं आणि स्वतःच फोन लावला.

"वेळ आहे ना भाऊ तुम्हाला?" बाई सावकाश बोलत होत्या. "हे आजारी आहेत. अर्धांग झालंय, वाचा गेलीय. पण समजतं सगळं. रोज दिवेलागणीला मी तुमच्या मंडळाची गोष्ट थोडी थोडी वाचून दाखवते, आठवडाभर मागेच असतो आम्ही. तेवढ्यासाठी सकाळपासून वाट बघत असतात."

"अरेरे. वहिनी, आम्हाला कुणाला कल्पनाच नाही."

"कशी असणार? मीच कळवायला हवं होतं. न विचारता कुणी कुणाच्या माणसाला हात लावत नाही, असं ह्यांनी पूर्वी सांगितलं होतं. म्हणून मी काल पुढचं न बघता वाचत गेले. होडी जाळली तिथवर वाचलं, आणि ह्यांनी डाव्या हाताने फोन उडवून दिला. तेव्हापासून घास घेत नाहीत."

भिंगवाल्यांनी स्टुलावर बसकण मारली.

"हे गोदामावर वॉचमन होते. चोरी झाली, तर सगळे म्हणाले, दार ह्यांनीच आतून उघडून दिलं. नव्हतं हो उघडलं. नोकरी गेली ती गेली, शेजारीपाजारी बोलायचे बंद झाले. आणि आता तुमच्याकडेही तेच. म्हणून विचारते, ह्यांनी हे तुम्हाला कधी सांगितलं होतं का?"

"नाही," भिंगवाले म्हणाले.

सांगितलं होतं. पूर्वी मंडळाबाहेर दोघंच खाजगीत बोलत होते तेव्हा नावाड्याने सगळं लिहिलं होतं, आणि शेवटी 'हे बाकीच्यांना नको' असंही लिहिलं होतं. फितुराचा पेच जुळवताना ते भिंगवाल्यांना आठवलंही होतं. छान बसतंय, असं वाटलं होतं त्यांना.

"मग ठीक आहे," बाई म्हणाल्या. त्यांना केवढं हायसं वाटलं होतं, आणि ते ऐकून भिंगवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नकळत झालं, म्हणून सांगते त्यांना."

"मी गोष्ट फिरवतो, वहिनी. आत्ताच."

"फिरवा. पण उगाच गोड केलेलं ह्यांना लगेच कळतं हं."

भिंगवाल्यांनी मंडळावर लिहिलं: 'नावाड्याला न विचारता मी त्याला फितूर ठरवलं. तो भाग रद्द. चूक माझी.' लोहारीण चिडली. 'इतकं रंगात आलेलं, आणि तुम्हीच पाणी ओतलंत,' म्हणाली. खानावळवालीने विचारलं, मग वाट दाखवली कुणी? भिंगवाल्यांनी फोन पालथा घातला. दुपारी जेवणाचा डबा त्यांनी उघडलाच नाही. आपण खोटं बोललो, आणि तेही कुणाशी, हे मनातून जाईना.

दिवेलागणीला त्यांनी परत फोन लावला. "वहिनी, फोन जरा त्यांच्या कानाशी धराल का?"

बाईंनी धरला असावा. जड श्वास ऐकू यायला लागला.

"मी सूत्रधार," भिंगवाले म्हणाले. "गोदामाचं तुम्ही मला सांगितलं होतंत. मला आठवत होतं, तरी लिहिलं. तुम्ही गप्प आहात, काही म्हणणार नाही, म्हणून लिहिलं. मघाशी वहिनींशीही खोटं बोललो. लाज वाटते मला माझी."

श्वास तसाच चालू होता. मग बाई फोनवर आल्या.

"ऐकलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "मीही ऐकलं."

"जेवले का ते?"

"रद्द केल्याचं वाचून दाखवलं तेव्हा दोन घास घेतले. आता हात हलवतायत, नको म्हणून."

"गोष्ट नको म्हणतायत?"

"गोष्ट हवीय. दोनदा विचारलं मी. तुमचं लिहिलेलं नको म्हणतायत. बाकीच्यांचं वाचेन मी."

"बरं," भिंगवाले म्हणाले.

मंडळाने त्यांना सूत्रधारपद सोडू दिलं नाही, तसं दुसरं कुणी तयारही नव्हतं. पण आता जहाज आल्याचं ते स्वतः लिहीत नाहीत. लोहारणीला खाजगीत विचारतात, तुला दिसलं तर चालेल का, आणि ती आपल्या शब्दांत लिहिते. 'सूत्रधार, हल्ली तुम्ही कुठे असता?' असं मधूनच कुणीतरी विचारतं. 'इथेच,' एवढंच ते लिहितात.

संध्याकाळी दुकानाचं शटर ओढायच्या आधी ते दिवसभराची गोष्ट उघडतात. आपल्या दोन-तीन ओळी अंगठ्याने झाकतात आणि बाकीच्यांचं, वहिनी वाचतील तसं, हळू आवाजात सलग वाचून बघतात. कुठे अडलं तर आपली ओळ पुसतात, आणि तेवढं कुणाला तरी लिहायला सांगतात.