सैल पायाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि माझा मागचा डावा पाय सैल आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण माझ्यावर बसणाऱ्याला ते लगेच कळते आणि मग तो असा चेहरा करतो, जणू मी त्याला फसवलेच.

माझा जन्म विद्यापीठाच्या मागच्या सुतारशाळेत झाला. सुतारकाकांचा हात चांगला, पण त्या वर्षी कामाची घाई फार होती. लाकूड पुरते वाळण्याआधीच त्यांनी माझे पाय ठोकले आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "झकास झालीये." मीही फुशारून गेले. पुढे लाकूड आकसले, सांधा ढिला पडला, आणि तेव्हापासून माझ्यावर कोणी जरा हलले की मी 'कर्र' करते.

मला प्राणिशास्त्राच्या एका सरांच्या खोलीत ठेवले. सर पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक होते आणि त्यांची पद्धत जगावेगळी होती. विद्यार्थ्याने प्रबंधाचे प्रकरण लिहून आणले, तरी ते हातात घ्यायचेच नाहीत. माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "बस आणि वाच." मग डोळे मिटून ऐकायचे. नवख्याला वाटे, सरांना डुलकी लागली. तो जरा सैलावून एखादे पान गाळायला जाई आणि सर म्हणत, "मधलं पान कुठं गेलं?"

माझ्या आवाजाला सर सुरुवातीला वैतागले. सुतारकाकांना बोलावणेही धाडले. पण ते येईपर्यंत एक गोष्ट सरांच्या ध्यानात आली होती. विद्यार्थ्याला जे पक्के ठाऊक असे, ते तो स्वस्थ बसून वाची. जिथे त्याचे स्वतःचेच मन त्याला खात असे, तिथे तो नकळत चुळबुळ करी आणि मी वाजे. सुतारकाका हातोडी घेऊन दारात उभे राहिले तेव्हा सर हसून म्हणाले, "राहू दे हो. ही आता माझी मदतनीस आहे." मित्रांनो, त्या दिवसापासून मी सरांची ऋणी आहे. माझी खोड त्यांनी काढली नाही, तिला काम दिले.

माझ्यावर कितीतरी जण बसून गेले, पण मला आठवते ती मधमाश्यांवर काम करणारी मुलगी. मुलगी आपले म्हणायचे, पदरात शाळेत जाणारी लेक होती. सूर्यफुलाच्या शेतात बसून ती फुलांवर येणाऱ्या मधमाश्या मोजत असे. शेताच्या आतल्या फुलांपेक्षा रस्त्याकडेच्या फुलांवर त्या जास्त येतात, असे तिला आढळले होते. तिने हे एका परिषदेत सांगितले तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. एका कॉलेजात नोकरीही जवळजवळ ठरली होती. फक्त नवे सत्र सुरू होण्याआधी प्रबंध सादर व्हायला हवा होता.

त्या दिवशी ती शेवटचे प्रकरण वाचायला बसली. वाचन घडाघड चालले होते. "सकाळी रस्त्याकडेची मोजणी करून त्यानंतर शेताच्या आतील भागात मोजणी केली," हे वाक्य आले आणि मी वाजले. ती तशीच पुढे गेली. निष्कर्ष आले. मी पुन्हा वाजले.

"ते मघाचं मोजणीचं वाक्य परत वाच," सर डोळे न उघडता म्हणाले.

तिने वाचले. मी वाजले. मला तिची दया येत होती, पण माझा इलाज नव्हता.

"आधी रस्त्याकडेलाच का मोजायचीस?"

"बस तिथंच सोडायची, सर. मग चालत आत जाईपर्यंत ऊन चढायचं."

"ऊन चढल्यावर मधमाश्या काय करतात?"

"कमी होतात."

"मग त्या रस्त्याकडेला जास्त होत्या, की सकाळी जास्त होत्या?"

तिने हातातले कागद मांडीवर ठेवले. मग हळूच म्हणाली, "सांगता येत नाही, सर. मला हे कधीपासून खुपतंय."

सरांनी डोळे उघडले. "मग पुन्हा मोज. एक दिवस रस्त्यापासून सुरुवात कर, दुसऱ्या दिवशी आतून. बाकीचं काम तुझं चोख आहे, म्हणून तर सांगतोय."

"फुलं आता पुढच्या हंगामात येणार. तोवर नोकरी राहील का?"

"मी बोलून बघतो. शब्द देत नाही."

तिने डोळे पुसले, कागद गोळा केले आणि ती गेली. नोकरी राहिली नाही. आपण एका लेकुरवाळीच्या पोटावर पाय आणला, असे मला वाटत राहिले. त्या दिवसांत सुतारकाका येऊन मला ठाकठीक करून जातील तर बरे, असेही मनात आले.

पुढच्या हंगामानंतर ती आली ती उन्हाने रापून. "सासूबाई विचारतात, त्याच माश्या परत मोजायच्या होत्या का?" ती हसत म्हणाली. "पण लेकीला सांभाळायला त्याच पुढं झाल्या." मग ती वाचायला बसली. रस्त्याचा काही संबंध नव्हता, सगळा फरक वेळेचा होता. टाळ्या मिळवणारा निष्कर्ष गेला होता आणि प्रबंध चांगलाच बारीक झाला होता. ते मोजणीचे वाक्य आले. मी जीव मुठीत धरून बसले होते. आवाज झाला नाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी तिने मला स्वतः उचलून सभागृहात नेले. बाहेरून आलेले परीक्षक कडक म्हणून प्रसिद्ध होते. त्यांचा पहिलाच प्रश्न आला, "दोन्हीकडची मोजणी वेगवेगळ्या वेळी होते, तर फरक जागेचा नाही, वेळेचाच, हे कसं ठरवलंत?" सरांनी डोळे मिटून घेतले. ती शांतपणे सगळे सांगत गेली. मी आयुष्यात इतकी गप्प कधी राहिले नव्हते.

पुढे सर निवृत्त झाले. चाकांच्या गुबगुबीत खुर्च्या आल्या आणि मला जिन्याखाली ढकलले. धूळ साचली, एका मांजरीने माझ्यावर संसार थाटला. तिचा मला राग नाही, तेवढीच सोबत होती. एके दिवशी ओळखीचा आवाज आला, "इथं आहे होय!" ती त्याच विभागात शिकवायला आली होती आणि सरांची खोली तिला मिळाली होती.

"पाय ठोकून देऊ का, मॅडम?" नव्या सुताराने विचारले.

"काही ठोकू नका. फक्त पुसून द्या."

मग परवा सर आले. केस पांढरे झालेले, काखेत कागदांचे बाड. ते आयुष्यभराच्या कामावर पुस्तक लिहीत होते. ती लगबगीने उठून स्वतःची जागा देऊ लागली, पण ते थेट माझ्याकडे आले. "आज माझी जागा ही," म्हणाले आणि वाचू लागले. तिने डोळे मिटले. सरांचा आवाज अजून खणखणीत होता. पहिले पान झाले, दुसरे झाले, आणि तिसऱ्यावर मी वाजले.

सर थांबले.

"सर," ती डोळे न उघडता म्हणाली, "ते वाक्य परत वाचता का?"

सर हसले, खूप हसले, आणि खिशातून पेन्सिल काढत म्हणाले, "वाचतो, बाई."

मित्रांनो, माझी काळजी जरूर घ्या. मला कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून पुसा, जिन्याखाली टाकू नका. माझा मागचा डावा पाय मात्र आहे तसाच सैल राहू द्या.