काढ्याची बाटली

सावेडीतल्या आमच्या वृद्धाश्रमात बाहेरचं औषध चालत नाही. म्हणून शरच्चंद्र गुरुजींच्या मुलीने, अनन्याताईंनी, दाखल करताना दिलेली काढ्याची बाटली मी मोरीत ओतली. "संध्याकाळचा काढा तेवढा चुकवू नका सिस्टर," असं त्या दोनदा बजावून गेल्या होत्या.

दोन दिवसांनी गुरुजींचे हात थरथरायला लागले. भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून ते ओरडले आणि मग त्यांना फिट आली. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन मलाच विचारलं, "यांची दारू एकदम कोणी बंद केली?"

मी फोनवर अनन्याताईंना फैलावर घेतलं. "अहो, खरं सांगितलं असतं तर औषधं देऊन हळूहळू सोडवली असती! माणूस हातचा गेला असता!"

त्या धावत आल्या. खोलीच्या दारात माझा हात धरून रडत म्हणाल्या, "बाबा त्या बाटलीत दारू ठेवतात, हे मला कितीतरी वर्षं माहीत आहे. पण त्यांना कळू देऊ नका. लाजेनं मरतील."

तेवढ्यात आतून गुरुजींचा खोल गेलेला आवाज आला, "सिस्टर, अनूला काही बोलू नका हं. तिला बिचारीला वाटतं, तो काढाच आहे."