रबरी कातड्यातला माणूस

राजधानीच्या फुकागावा भागातली आमची गल्ली पंचेचाळीसच्या मार्चमध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत जळाली. आई तिच्यातच गेली. अकरा वर्षांनी स्टुडिओत मी तीच गल्ली पुन्हा उभी केली, कंबरेइतक्या उंचीची, राक्षसानं तुडवावी म्हणून.

माझं कामच ते. पातळ प्लास्टरच्या भिंती, पुठ्ठ्याची कौलं. समुद्रातून येणाऱ्या राक्षसाच्या रबरी कातड्यात कुरामोची असायचा. चाळिशीचा, अबोल. कातडं उतरवलं की आतून तांब्याभर घाम निघायचा. आम्ही त्याला ‘राक्षसराव’ म्हणून चिडवायचो, तो नुसता मान हलवायचा.

त्या दिवशी इसोबेसाहेब, आमचे दिग्दर्शक, खुर्चीवरून ओरडत होते, “तोड, तोड! धिंगाणा घाल!” पण कुरामोची सावकाश चालला. प्रत्येक घरापाशी थांबला, वाकला, दारातून आत डोकावला आणि मग पाय ठेवला. एकही घर त्यानं सोडलं नाही. बघणाऱ्यांच्या अंगावर काटा आला.

इसोबे खूश. “वा रे वा! हे कुठं शिकलास? प्राणिसंग्रहालयात?”

कुरामोचीनं राक्षसाचं डोकं काढून खाली ठेवलं. “उत्तर चीनमध्ये, साहेब. एकेचाळीस साली, पलटणीत असताना. गाव जाळायचं असलं की असंच चालायचो आम्ही. आधी आत कोण आहे ते बघायचं. मग काडी लावायची.”

दिव्यांपाशी कुणीतरी हसलं आणि मध्येच गप्प झालं. इसोबेंनी जेवणाची सुट्टी दिली.

मी तणतणत कुरामोचीकडे गेले. तो भाताचा मुटका खात बसला होता.

“ती गल्ली माझी होती. कोपऱ्यातलं घर आमचं. तिथं तुम्ही तुमचं चीनमधलं गाव तुडवलंत?”

“तुझ्या घरात कोण होतं?”

“आई.”

त्यानं मुटका खाली ठेवला. “माझ्या वेळी एक म्हातारी होती. चुलीपाशी. माझ्याकडे बघून हसली गं, तात्सुए. तिला वाटलं, पोरगा पाणी मागायला आलाय.”

“मग?”

“मग काय. हुकूम होता.”

“माझ्या आईवर बॉम्ब टाकणाऱ्यालाही हुकूमच होता!”

“हो ना,” तो म्हणाला. “तेच तर.”

पुढच्या आठवड्यात तो सगळ्यांदेखत इसोबेंपुढे जाऊन उभा राहिला. चित्रपटात मूल पोटाशी धरलेली एक आई जळत्या शहराकडे बघून विचारते, आम्ही कुणाचं काय वाईट केलं होतं? कुरामोचीचं म्हणणं एवढंच, की तिथं एका म्हाताऱ्या शिपायानं उत्तर द्यावं. एकच वाक्य. आधी आपण त्यांच्या घरी गेलो होतो.

इसोबेंनी सिगारेटची राख झटकली. “कुरामोची, मीही लढाईत बर्मात होतो. मला काय शिकवतोस? लोक रडायला येतात. रडू दे की बापड्यांना. स्वतःवरचा खटला ऐकायला कुणी तिकीट काढतं का?”

वाक्य आलं नाही. चित्रपट मात्र तुफान चालला.

मी आणि कुरामोची असाकुसा भागातल्या थिएटरात दुपारचा खेळ बघायला गेलो. माझी गल्ली पेटली तेव्हा अख्खं थिएटर हुंदके देत होतं. मीही. मग पडद्यावर ती आई आली आणि तिनं विचारलं.

माझ्या शेजारी कुरामोची उठून उभा राहिला. “मी सांगतो काय केलं ते.”

त्यानं गावाचं नाव सांगितलं. घरं किती होती ते सांगितलं. चुलीपाशी कोण बसलं होतं तेही सांगू लागला.

“ए, बस खाली!”

“प्यायलाय मेला!”

“लाज वाटते का? आमची माणसं जळून मेलीत!” हे एका बाईनं, रडत रडत.

पुढच्या रांगेत एका बाहीत हात नसलेला माणूस होता. त्यानं मान खाली घातली. थिएटरच्या दोघा नोकरांनी कुरामोचीचे दंड धरले. त्यानं सोडवून घ्यायची धडपड केली नाही. तो माझ्याकडे बघत होता.

“तुमच्याबरोबर आहे का हा?” शेजारच्या गृहस्थानं मला विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.

त्याला बाहेर काढलं. मी उठले नाही. राक्षस मरेपर्यंत बसून राहिले, आणि शेवटी सगळ्यांबरोबर डोळे पुसले.

सोमवारी कातड्यात दुसराच माणूस होता, सर्कशीतला, दणकट. पुढच्या चित्रपटासाठी इसोबेंनी मला ओसाका शहर बांधायला सांगितलं. या वेळी राक्षस कशासाठी येतो, मी विचारलं.

“राक्षसाला कारण कशाला लागतं?” ते म्हणाले. मी कौलं कापायला घेतली.

कुरामोची निइगाताला आपल्या गावी गेला. तिथंही बोलत राहिला म्हणून गावानं त्याला वाळीत टाकलं असं कानावर आलं. बासष्टच्या हिवाळ्यात तो वारला. तार इसोबेंच्या नावे आली. त्यांनी ती मला वाचायला दिली, परत घेतली, आणि म्हणाले, “उद्या शूटिंग आहे. अंत्यविधीला कुणाला पाठवणार?”

कुणीच गेलं नाही, मीही नाही. माझं त्या शूटिंगमध्ये काही काम नव्हतं. माझी घरं तयार होती.