चिरुटांच्या पेटीतला विडा

मी एक चिरुटांची पेटी आहे, मित्रांनो. मुरडलीत ना नाकं? खुशाल मुरडा. मला नाक नाही, पण लाकूड वास पितं आणि एकदा प्यालेला वास सहसा सोडत नाही. माझ्या पोटात आज जो वास आहे, त्याची मला स्वतःलाच किळस येते. तो तिथे कसा आला, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म भोसरीचा. तिथल्या एमआयडीसीत युनूसभाईंचा लाकूडकामाचा गाळा आहे. कंपन्यांचा माल ज्यांत भरून जातो ती खोकी आणि मालाखालच्या फळ्यांची पॅलेट ते वीस वर्षं ठोकत आले आहेत. खोक्यांवर कुणी बनवणाऱ्याचं नाव बघत नाही. माल उतरला की खोकी फुटतात आणि चुलीत जातात. युनूसभाईंना एकदा तरी न फुटणारी वस्तू करायची होती. ती मी.

मला करायला सांगितलं दादासाहेबांनी. चाकणला एमआयडीसीत जमिनी गेल्या तेव्हा आलेल्या पैशांतून त्यांनी पत्र्याचे सुटे भाग ठोकायचा कारखाना टाकला. त्यांचा माल घेणारा एक जर्मन साहेब दरवर्षी येताना पंचवीस चिरूट भेट आणायचा आणि पुढच्या वर्षी आला की त्यांतलाच एक मागायचा. दादासाहेब ते कपाटात ठेवत. एका वर्षी साहेबाने चिरूट हातात घेतला आणि सुकलेला तो पापडासारखा मोडला. दादासाहेबांना फार ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी मोबाइलवर चिरुटांची ओल टिकवणारी एक चकचकीत परदेशी पेटी शोधली आणि पॅलेट पोचवायला आलेल्या युनूसभाईंना दाखवली.

"दादा, ही नुसती दिसायला आहे," युनूसभाई म्हणाले. "झाकण बघा, फट आहे. ओल टिकणारच नाही. मी करून देतो."

"कर मग. पर मोठी कर. दोनशे मावतील अशी!"

"पंचवीस ठेवायला दोनशेची कशाला? मोठ्या पेटीत ओल एकसारखी राहत नाही. पन्नासाची करू."

युनूसभाईंनी मला बाहेरून शिसवी केलं आणि आतून सीडर नावाच्या लाकडाचं अस्तर दिलं. सीडरला स्वतःचा मंद, गोड वास असतो आणि ते हवेतली ओल घेतं, सोडतं. त्याला आतून पॉलिश अजिबात चालत नाही. झाकण त्यांनी इतकं नेटकं बसवलं की ते मिटताना आतली हवा हळूच सुस्कारा टाकायची. आत ओल मोजायचा काटा बसवला. काटा खरं बोलतो की नाही, हे बघायला त्यांच्या बायकोने, ताजुन्निसाभाभींनी, बाटलीच्या झाकणात ओलं मीठ दिलं. मीठ आणि काटा एका पिशवीत रात्रभर बंद ठेवले. ओल्या मिठाजवळच्या बंद हवेत ओल नेहमी शेकडा पंचाहत्तर असते, काट्याने एकाहत्तर दाखवलं. युनूसभाईंनी मागचा स्क्रू फिरवून तो सरळ केला. मग शुद्ध पाण्यात भिजवलेला स्पंज आत ठेवून मला आठवडाभर मिटून ठेवलं. माझं लाकूड पोटभर पाणी प्यालं तेव्हाच त्यांनी मला तयार म्हटलं.

सगळ्यात शेवटी त्यांनी माझ्या कपाळावर दोन स्क्रूंनी पितळेची छोटी पट्टी लावली. तिच्यावर कोरलं होतं, 'युनूस, भोसरी'. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपल्या कामावर नाव घातलं होतं. दादासाहेबांकडे चार मोठी माणसं येतात, ती पट्टी वाचतील आणि खोक्यांच्या पलीकडचं काम मिळेल, एवढीच त्यांची आशा होती. दादासाहेबांनीही तसा शब्द दिला होता.

पहिलं वर्ष छान गेलं. ऑफिसातल्या पूनमताई माझी काळजी घ्यायच्या. उन्हापासून आणि एसीच्या झोतापासून लांब मला जागा दिली होती. त्या दर सोमवारी काटा बघायच्या. तो पासष्टच्या खाली आला की फोर्कलिफ्टच्या बॅटरीसाठी आणलेल्या डिस्टिल्ड पाण्याचे थेंब स्पंजावर सोडायच्या. नळाचं पाणी कधीही नाही, कारण त्याने बुरशी धरते. जर्मन साहेब आला, त्याने झाकण उघडलं, डोळे मिटून वास घेतला आणि पट्टीवरचं नाव मोठ्याने वाचलं. मी फुगले होते, मित्रांनो. खरं सांगते, नंतर त्या दोघांनी केबिनभर जो धूर सोडला, त्याची मला शिसारी आली. पण मनाला म्हटलं, आपलं काम ठेवायचं, ओढणाऱ्यांचं ते बघतील.

मग पूनमताई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या.

दादासाहेबांना जेवणानंतर विडा लागतो. चौकातल्या टपरीवरून ड्रायव्हर एकदम आठ-दहा विडे आणायचा आणि संध्याकाळपर्यंत ते सुकायचे. एक दिवस दादासाहेब माझ्याकडे बघत राहिले. "च्यायला," ते ड्रायव्हरला म्हणाले, "चिरुटाला वल लागती, इड्याला बी वल लागती. मग दोन जागा कशाला?" आणि त्यांनी विडे माझ्यात ठेवले! स्वतःच्या हुशारीवर ते भलतेच खूश झाले. काटा खाली दिसला की पिण्याच्या पेल्यातलं पाणी स्पंजावर ओतू लागले.

मला तेव्हा ओरडता आलं असतं तर! गुलकंदाचा पाक माझ्या सीडरवर गळला. त्यामागोमाग मुंग्या आल्या. काताचे लाल डाग पडले, चुना कोपऱ्यात वाळून घट्ट बसला. एक विडा माझ्या आतल्या ट्रेखाली सरकला, तो तिथेच काळा पडून चिकट झाला. चिरुटांवर आधी पांढरी, मग निळसर लव उगवली. शी! आंबलेला गुलकंद, कुजलेलं पान आणि बुरसलेला तंबाखू, या सगळ्यांची मिळून जी घाण होते, ती मी चार महिने पोटात धरून बसले. माझं घट्ट झाकण, युनूसभाईंचा तो अभिमान, सगळी दुर्गंधी इमानदारीने आत राखत होतं.

खंडेनवमी आली. कारखान्यात यंत्रांना झेंडूचे हार घातले, नट-बोल्टचे पाने आणि स्क्रूड्रायव्हर पाटावर मांडून हळद-कुंकू वाहिलं. त्या दिवशी पुजलेल्या हत्याराला हात लावत नाहीत. दादासाहेबांच्या पत्नी गोजाबाई आरतीचं ताट घेऊन आल्या होत्या. प्रसाद घ्यायला युनूसभाईही होते आणि जर्मन साहेब मुद्दाम पूजा बघायला आला होता. पूजा झाल्यावर सगळे केबिनमध्ये बसले. साहेबाने हसत माझं झाकण उघडलं.

तो दोन पावलं मागे सरला आणि त्याने रुमाल नाकाला लावला. एक मुंगळा माझ्या काठावरून चालत बाहेर आला. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता कुणीतरी मला चुलीत घालावं.

दादासाहेब गडबडले. मग त्यांचं लक्ष युनूसभाईंकडे गेलं. "काय रं युनूस, ही काय पेटी म्हनायची? कच्चं लाकूड घातलंस का काय? साहेबाफुडं नाक कापलंस माझं!"

युनूसभाई पुढे आले. त्यांनी टेबलावरचं एक व्हिजिटिंग कार्ड उचललं, झाकणात अर्धं धरून झाकण मिटलं आणि कार्ड ओढलं. ते हललं नाही, झाकणाला फट नव्हतीच. साहेब पुढे आला, त्यानेही ओढून पाहिलं. मग युनूसभाईंनी ट्रे उचलला आणि तो काळा विडा दोन बोटांनी बाहेर काढून टेबलावर ठेवला.

"अवो," गोजाबाई पटकन म्हणाल्या, "ह्यो तर तुमचाच इडा! चौकातला. लवंग बी तशीच टोचल्याली हाय बगा." आणि त्यांनी पदर नाकाला लावला. "असल्या घानीत ठेवून खात व्हता व्हय?"

दादासाहेब मोठ्याने हसले. "जाऊ दे रं युनूस. पेटीच हाय, पुसून ठेव."

"पुसून हा वास जात नाही, दादा," युनूसभाई म्हणाले. "पण ते राहू द्या. साहेबांसमोर तुम्ही माझ्या कामात खोट काढलीत. यांच्यासमोरच सांगा, खोट पेटीत नव्हती."

"आता पाव्हन्याफुडं माफी मागू का तुझी?"

युनूसभाईंची नजर दाराबाहेरच्या पाटावर गेली. स्क्रूड्रायव्हर तिथेच होता, हळद-कुंकू लागलेला. त्यांनी त्याला हात लावला नाही. खिशातून गाडीची किल्ली काढली आणि तिच्या टोकाने माझ्या कपाळावरचा पहिला स्क्रू फिरवू लागले. किल्ली सारखी घसरत होती. बराच वेळ लागला. कुणी त्यांना अडवलं नाही. दुसरा स्क्रू निघाला तेव्हा त्यांनी पट्टी सदऱ्याला पुसली आणि खिशात घातली.

"पेटी तुमची आहे, दादा. नाव माझं आहे, ते घेऊन जातो."

प्रसादाचा पुडा त्यांनी कपाळाला लावून बरोबर नेला. मला मात्र नेलं नाही. जाताना बोटं रुमालाला पुसली, तीच बोटं ज्यांनी मला घडवलं होतं. त्या दिवशी मला जेवढं वाईट वाटलं, तेवढं मुंग्यांनीही वाटलं नव्हतं.

पूनमताई रजा संपवून परतल्या तेव्हा मला उघडून त्यांना ओकारीच आली. त्यांनाच नंतर फोनवर कुणाला तरी सांगताना मी ऐकलं. जर्मन साहेबाने त्याच आठवड्यात भोसरीचा गाळा शोधून काढला होता. आता त्याच्या देशातल्या घरी माझी धाकटी बहीण आहे आणि तिच्या कपाळावर तीच जुनी पितळी पट्टी आहे. युनूसभाईंचं नाव शाबूत राहिलं, याचा मला आनंद आहे. अगदी खरा आनंद आहे.

मित्रांनो, चिरुटाच्या वाटेला कधी जाऊ नका. मी तो जवळून पाहिला आहे, त्यात हेवा करण्यासारखं काही नाही. पण कुणाच्या हातची वस्तू घरी आणलीत, तर तिला काय चालतं आणि काय चालत नाही, हे बनवणाऱ्याला आधी विचारा. आणि आपल्या हातून ती नासली, तर चार माणसांत तसं सांगा.

माझ्यात आता चिरूट नसतात, नुसते विडे असतात. दादासाहेब विडा घेतात, बोटाला लागलेला चुना जाता जाता माझ्याच कपाळाला पुसतात. तिथली स्क्रूंची दोन भोकं त्या चुन्याने केव्हाच बुजली आहेत.